चाचाची मुकी घोडी

चाचा खोटं बोलायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी माझ्या अंगावर यायला नको. पैशाचं खोटं नाही, कामाचं नाही. फक्त घोड्यांचं. घोड्याचा विषय निघाला की त्याच्या तोंडून खरं आणि खोटं असं काही मिसळून यायचं की निवडत बसलं तर तांदूळ कमी आणि खडे जास्त निघतील. मी चौथी शिकलेला माणूस. मला निवडता यायचं नाही. माझी बायको निवडायची, आणि खडेसुद्धा पदरात बांधून ठेवायची.

एकदा त्याने आम्हा दोघांना घोडीजवळ बोलावलं. पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला गुडघ्याच्या वर एक सुकलेला, खरखरीत गठ्ठा असतो. सगळ्या घोड्यांना असतो, तुम्ही बघितला नसेल. चाचाने त्यावर बोट ठेवलं.

"हा काय हाय सांगा."

"घट्टा पडलाय," मी म्हटलं. माझ्या खांद्याला होता तसा.

"घट्टा तुला पडतो दादूस, हमाल माणसाला. हा पंखाचा वण हाय. पहिले घोड्यांना पंख होते. आसमानात फिरायचे, कुणाच्या बापाला गावायचे नाय. मग तुमच्या इंद्राला वाटलं, हे रथाला जुंपले तर काय मजा येईल. त्याने एका ऋषीला सांगितलं, छाट. त्याने छाटले. तवापासून घोडा माणसाच्या दारात हाय."

बायको म्हणाली, "पंख तर पाठीला असतात. वण पायाला कसा?"

चाचा जरासुद्धा अडखळला नाही. "भाभी, घोडा पळतो तेव्हा पाठ हलते का पाय हलतात? पंख हलायच्या जागी असणार ना!"

बायको मान हलवत आत गेली. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्या जागेला खोबरेल लावायची. मी हसलो तर म्हणाली, "दुखत असंल तर?"

चाचा म्हणजे पनवेलचा जुना नालबंद. शहरात टांगे होते तेव्हा टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचा. मी कळंबोलीच्या लोखंडबाजारात माल चढवायचो, तिथे तो सळईचे तुकडे शोधायला यायचा, तेव्हापासूनची ओळख. टांगे गेले, रिक्षा आल्या. रिक्षाला नाल लागत नाही. मग त्याने एक घोडी घेतली आणि लग्नाच्या वराती करायला लागला. पुढे त्याची गावातली जागाही गेली, आणि एका सकाळी तो घोडीसकट आमच्या दारात उभा. आमचं गाव कोनच्या अलीकडे, घर साधं, पण मागे पडवी मोठी. आधी तिथे भाताची कणगी असायची, आता भातच नाही.

मी ओट्यावर बसलो होतो. त्याने मला विचारलंच नाही. माझ्या बायकोला म्हणाला, "भाभी, जरा हिच्यासमोर उभ्या राहा." ती राहिली. घोडीने तिचा पदर हुंगला, मग खांदा हुंगला, मग नाकाने फुर्र केलं. चाचा म्हणाला, "तिला पसंत हाय. मी सामान घेऊन येतो."

"आणि मला?" मी ओरडलो.

"तुझं भाभी बघतील," म्हणाला आणि घोडीला घेऊन गेला.

घोडीचं नाव तूफान. चाल गाभण म्हशीची. वरातीत बेंजोवाले पुढे निघून जायचे आणि नवरदेव मागे राहायचा. चाचाला त्याचं काही नाही. म्हणायचा, "नवरदेवाला कसली घाई? पुढं आयुष्यभर धावायचंच हाय."

वरातीचा त्याचा एक नियम होता. नवऱ्या मुलाने आधी घोडीच्या कानात आपलं नाव सांगायचं आणि पाठीवर घ्यायची परवानगी मागायची. नाही मागितली तर चाचा लगाम सोडायचा नाही, मग मुलाचा बाप कितीही लाल होऊ दे. खारघरच्या एका मोठ्या सोसायटीत मी त्याच्याबरोबर गेलो होतो. नवरा मुलगा कंपनीतला. फेटा सांभाळत घोडीपाशी आला, घाबरत घाबरत वाकला आणि कानात म्हणाला, "हॅलो."

सगळे हसले. मुलगा चाचाला म्हणाला, "काका, हिला इंग्लिश चालतं ना?"

"चालतं," चाचा म्हणाला. "खोटं चालत नाय."

आणि हे सांगणारा माणूस स्वतः काय करायचा ते ऐका. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की त्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, लग्नाला फार शुभ. तूफानचे तीनच पाय पांढरे. चौथ्याला चाचा वरातीच्या दिवशी चुना लावायचा. माझ्या डबीतला. मी तंबाखू खायला बसलो की डबी रिकामी.

दुसरी लबाडी मोठी होती. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठला भोवरा कुठे, त्यावर जुनी माणसं घोडा पारखायची. काही शुभ, काही अशुभ. सगळ्यांत वाईट भोवरा डोळ्याखालचा. त्याला आसूढाळ म्हणतात. डोळ्यातून आसू गळाल्यासारखा दिसतो म्हणून. असला घोडा धन्याला रडवतो, धन्याचा जीव घेतो, असं मानतात. म्हणून असला घोडा कोणी फुकटही घेत नाही. तूफानच्या डाव्या डोळ्याखाली तोच भोवरा होता. वरातीत चाचा तिच्या तोंडावर मण्यांच्या अशा झालरी सोडायचा की डोळासुद्धा दिसू नये.

"तुला भीती नाय वाटत?" मी एकदा विचारलं.

"कसली भीती? माझी बायको गेली, टांगे गेले, जागा गेली. तेव्हा ही नव्हतीच. मग मला कुणी रडवलं? दुसऱ्याच्या घोड्याने?"

चाचाला त्या घोडीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नवऱ्या मुलांना बसवायचा, लहान पोरांना बसवायचा, स्वतः नेहमी बाजूने चालायचा. का, विचारलं तर म्हणायचा, "जिच्याशी बोलायचं तिच्या डोक्यावर बसून कसं बोलणार?" उरणला मुलीकडे जायचा तर घोडी घेऊन, पायी. शुक्रवारी मशिदीत जायचा तर घोडी बाहेरच्या झाडाखाली, आणि ती दारातून दिसेल अशा जागी हा नमाजाला. ताप आला तेव्हा दवाखान्यात गेला, तर डॉक्टरच्या खिडकीत घोडीचं तोंड. डॉक्टरीणबाई ओरडल्या. चाचा म्हणाला, "बाई, तुम्ही मला तपासा, ती तुम्हाला तपासतेय." झोपायचा तो पडवीतच खाटेवर. दाव्याचं टोक उशाखाली.

आता मुद्द्यावर येतो. तूफान मुकी होती.

फुरफुरायची, नाक वाजवायची, दात खायची, पण घोडा जसा खिंकाळतो तशी कधी नाही. आमच्या पडवीत इतकी वर्षं राहिली, एकदाही नाही. बायकोने एका संध्याकाळी तांदूळ पाखडताना विचारलं, "चाचा, ही वरडत का नाय?"

पहिल्यांदा त्याने तिला समुद्रातून निघालेल्या देवांच्या घोड्याची गोष्ट सांगितली, ज्याच्या आवाजाने म्हणे ढग फाटायचे. त्याच्या आवाजापुढे आपला काय ऐकवायचा म्हणून तूफान गप्प, असं म्हणाला. बायकोने सूप खाली ठेवलं. "खरं सांगा."

चाचाने घोडीच्या गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "भाभी, हाक कुणाला मारतात? जो लांब हाय त्याला. ही कुणाला मारेल? मी इथंच हाय."

मला ते त्याच्या शंभर थापांतलं एक वाटलं. मी विसरूनही गेलो.

ते दोघे तासन्‌तास बोलायचे. तो पडवीत खरारा करत, ती मागच्या दारी मासळी साफ करत. मी ओट्यावरून ऐकायचो. सूर्याच्या रथाला सात घोडे कशाला, म्हणून बायकोने विचारलं तर म्हणाला, "सहाच जुंपतात. सातवा बदलीचा." ती त्याला आमच्या खंडोबाच्या गोष्टी सांगायची. देव रात्री घोड्यावरून गावाच्या शिवेवर फेरी मारतो, टेकडीवरून खिंकाळी ऐकू आली की समजायचं देव निघाला. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांनी ती ऐकलेली होती. एक्सप्रेसवे झाल्यापासून कोणी ऐकली नाही. ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. खंडोबाच्या घोड्याची चाकरी मुसलमानाकडे असते, असंही ती सांगायची. तेव्हापासून चाचाची मान ताठ झाली. मी काही काम सांगितलं की म्हणायचा, "मी देवाच्या घोड्याचा मोतद्दार हाय, तुझा नाय."

एकच गोष्ट तो बढाई न मारता सांगायचा, तीही फक्त मोहरमच्या दिवसांत. धनी रणात पडतो आणि त्याचा घोडा एकटाच तंबूपाशी परत येतो, जीन रिकामी. एवढंच. आवाज बारीक करून सांगायचा आणि तिथेच थांबायचा. बायको डोळे पुसायची. मी म्हणायचो, दरवर्षी तीच गोष्ट, दरवर्षी काय रडता? आता जीन रिकामी म्हणजे काय ते मला कळतं.

बाजारात माझा अपघात झाला तेव्हा क्रेनच्या पट्ट्यातून सळयांची मोळी सुटली आणि माझ्या डाव्या पायावर आली. पाय राहिला, पण चालेन की नाही ते डॉक्टर सांगेनात. बायको दवाखान्यातून निघाली ती थेट टेकडीवर गेली. आमच्या खंडोबाचं देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत. अनवाणी चढली आणि दारात उभी राहून सगळ्यांदेखत मोठ्याने बोलली, "देवा, माझ्या मानसाला चालता कर. तुझ्या दारात जिता घोडा आणीन आणि खिंकाळवीन. किती वर्सं झाली, तू घोड्याचा आवाज ऐकला नाय."

मी चालायला लागलो. लंगडतो, पण चालतो. आमच्याकडे अशा नवसाचा रिवाज असा आहे की चंपाषष्ठीच्या जत्रेला घोडा मोकळा सोडायचा. पाठीवर कोणी नाही, अंगावर साज नाही, लगाम कोणी धरायचा नाही. ज्याचा नवस तो पुढे भंडारा उधळत चढतो, घोडा आपणहून मागे आला पाहिजे. त्या वर्षी आजाराची साथ आली आणि जत्रा बंद झाली. पुढच्या वर्षीही बंद. मग तिचंच पोट दुखायला लागलं. गणपती उठले आणि ती गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण एक दिवस माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "तेवढं घोड्याचं बघा." त्यानंतर काही बोलली नाही.

आता सांगा, मी काय करायचं? मी एक पाऊल टाकलं की ते तिच्या नवसाचं पाऊल. संडासाला गेलो तरी तिच्या नवसाने गेलो. आणि नवस बाकी.

वर्षश्राद्ध झालं, मार्गशीर्ष आला. मुलगा खारघरला राहतो, तो म्हणाला, "बाबा, पितळेचा घोडा वाहूया ना. ऑनलाइन मस्त मिळतात. आणि आवाजच पाहिजे तर डीजेवर लावू, मोबाईलमध्ये आहे." मी त्याला म्हटलं, तुझ्या आईने तुला मोबाईलवर जन्माला घातला नाही. पोरगा वाईट नाही, पण नवस तिने जिवंत घोड्याचा केला होता.

चाचाकडे गेलो. तो नाल घासत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तारीख सांग."

"ती मुकी हाय, चाचा."

"तारीख सांग म्हटलं ना."

गावात बातमी गेली आणि दुसऱ्या दिवशी देवळाचा भगत आमच्या दारात आला. भगत माझ्यापेक्षा म्हातारा, त्याच्या बापाने घोडे पाळलेले. सरळ पडवीत गेला, तूफानच्या तोंडावरची आयाळ बाजूला केली आणि मागे सरकला.

"आसूढाळ!"

मी आयाळ परत खाली ओढली.

"दादा, ही तू देवाच्या दारात नेनार? देवाच्या घोड्यावर साज नसतो, समद्या गावाला दिसंल. उद्या गावात कुनाचं बरंवाईट झालं तर लोक मला धरतील. तुझ्या बायकोचा नवस मला मान्य हाय. घोडी नाय."

त्याचं खरं होतं. भगत वाईट माणूस नव्हता, त्याला गावाची काळजी होती. मला वाटलं, संपलं. चाचा आता ओरडणार, भांडणार, भगत उठून जाणार. पण चाचाने हातातला नाल खाली ठेवला, हात पुसले आणि भगताच्या समोर उकिडवा बसला. मी त्याचा एवढा हळू आवाज मोहरमशिवाय ऐकला नव्हता.

"भगत, एक विचारू? तुमच्या खंडोबाला घोडा कुनी दिला?"

"मणी दैत्याने. मरताना शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला. पोराटोरांना माहीत हाय."

"म्हंजे घोड्याचा पहिला धनी मणी."

"हां."

"तो धनी मेला."

"मेला तर. देवानेच मारला."

"मग धन्याला रडवणारा घोडा कुठला? धन्याचा जीव घेणारा कुठला? त्या घोड्याच्या डोळ्याखाली भोवरा होता का नव्हता, मला सांग. देवाने त्याच्यावर मांड टाकली तेव्हा आधी आयाळ बाजूला करून बघितली काय?"

भगत हातावर तंबाखू मळत होता. अंगठा थांबला. घोडीने शेपटीने माश्या हाकलल्या. मग भगत हसायला लागला. दात नसलेलं तोंड उघडून, पोट हलवून हसला.

"चाचा, तू वकील व्हायला पायजे होतास."

"तौबा! मग खोटं बोलावं लागलं असतं."

भगत उठला. जाताना माझ्याकडे वळला. "घोडी येऊ दे. पन नवस बोलली तसा फिटला पायजे, दादा. दारात खिंकाळली तर फिटला. नुसती उभी ऱ्हायली तर मी फिटला बोलनार नाय. देवासमोर मी खोटं नाय बोलनार, तुझ्यासाठी बी नाय."

"नको बोलू," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी चाचाला विचारलं, "हे तुला सुचलं कुठून?"

"मला? मला काय ठाऊक तुमचे दैत्य! भाभीने सांगितलं होतं. बोंबील साफ करताना. भोवरा तिने पहिल्याच दिवशी बघितला होता दादूस. म्हणाली, असू दे, आमच्या देवाचा घोडा पन असलाच."

म्हणजे पडवी दिली तेव्हा तिला माहीत होतं. मला इतकी वर्षं बोलली नाही.

चाचा रोज पहाटे घोडीला टेकडीवर नेऊन पायऱ्या दाखवत होता. चढायला शिकली. खिंकाळायचं मात्र नाव नाही. जत्रेचा दिवस उजाडला. चाचाने तिला अंघोळ घातली. मी चुन्याची डबी पुढे केली.

"नको," म्हणाला. "आज चुना नको. देवाला तीनच पाय पांढरे दाखव."

मण्यांच्या झालरी काढून त्याने खुंटीला टांगल्या. डोळ्याखालचा भोवरा उघडा. मी पहिल्यांदा नीट पाहिला. खरंच आसवासारखा दिसायचा.

टेकडीखाली ही गर्दी. ढोल, ताशा, खेळण्यांच्या गाड्या, गोळ्याच्या गाड्या, गावाबाहेर गेलेली सगळी पोरंबाळं आलेली. घोडी बघून बायका कुजबुजायला लागल्या. भगत वर दारात उभा होता. चाचाने तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, माझ्या हातात भंडाऱ्याची पिशवी दिली, घोडीच्या कानात काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, "तू चढ. मी जरा येतो."

"येतो म्हंजे? कुठं चाललास?"

तो गर्दीत शिरला. मी हाका मारल्या. चाचाला घोडीच्या बाजूने चालायला रिवाजाची काही आडकाठी नव्हती, फक्त हात लावायचा नाही एवढंच. आणि हा ऐन वेळी गायब. मी तोंडाला आली ती शिवी दिली. देवाच्या पायथ्याशी दिली, पण दिली. घोडीनेही मान वळवून बघितलं. मग मी भंडारा उधळला आणि चढायला लागलो. चढणार नाही तर काय करणार?

लंगडा पाय पायरीवर टाकताना दुखतो. मी मागे बघत नव्हतो. भीती वाटत होती की मागे बघितलं आणि ती नसली तर? मग टापा ऐकू आल्या. टक, टक. माझ्या पायाशी लागूनच. ती आमच्या घरची, माझा वास ओळखायची. बायकोचं खोबरेल लावून घेणारी. आली माझ्या मागे. ढोलवाले पेटले. लोकांनी भंडारा उडवला, मी पिवळा, घोडी पिवळी. तिच्या पांढऱ्या आणि काळ्या पायांत काही फरक राहिला नाही.

दारात पोचलो. घोडी देवासमोर उभी राहिली, शहाण्यासारखी. भगताने हात वर केला. ढोल बंद झाले. सगळी टेकडी गप्प झाली. खाली एक्सप्रेसवेवर गाड्यांचा आवाज, बाकी काही नाही.

घोडी गप्प.

मी तिच्याकडे बघतोय. भगत बघतोय. तिने देवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भंडारा नाकात गेला म्हणून फुर्र केलं. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं की." भगताने मान हलवली. नाही. मी मनात म्हटलं, बाय, माफ कर, मी आणली, पण पुढचं माझ्या हातात नाही.

तेव्हा तूफानने मान वळवली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. कान उभे झाले. पुढे, मागे. मग ती सगळ्या अंगाने फिरली आणि पायऱ्यांवरून खाली बघायला लागली. एवढी माणसं, एवढी तोंडं, ती एकच तोंड शोधत होती. मी तेव्हा ओळखलं. त्याच क्षणी. हाक कुणाला मारतात? जो लांब आहे त्याला. आयुष्यात पहिल्यांदा चाचा तिला दिसत नव्हता.

तिचं पोट आत गेलं, मान वर गेली आणि ती खिंकाळली.

मी लोखंडबाजारात आयुष्य काढलंय. मोठे आवाज मला नवे नाहीत. पण हा आवाज लोखंडाचा नव्हता. देवळाची घंटा आपोआप थरथरली असं लोक सांगतात. मी ते बघितलं नाही, चाचाने उठवलं असेल. पण माझ्या छातीतून आरपार गेला हे खरं. इतक्या वर्षांचा साठवलेला आवाज होता तो. एकदा खिंकाळून थांबली नाही. परत खिंकाळली, त्याच्याही वर.

आणि मग खालून उत्तर आलं.

गोळ्याच्या गाडीमागे डोक्यावर चादर घेऊन एक म्हातारा लपून बसला होता. त्याला राहवलं नाही. चादर फेकून उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तो खिंकाळला. माणूस खिंकाळला! हुबेहूब. एका क्षणासाठी लोकांना कळेना घोडा कुठला आणि चाचा कुठला. मग सगळी टेकडी फुटली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हातारे कोतारे रडत होते, पोरं नाचत होती. भगत पुढे आला, मूठभर भंडारा घेतला आणि घोडीच्या डोळ्याखाली, बरोबर त्या भोवऱ्यावर, आपल्या हाताने लावला.

"फिटला!" तो ओरडला. "बाईचा नवस फिटला!"

त्याचा हात निघतो न निघतो तोच तूफान सुटली. गाभण म्हशीची चाल कुठे गेली देव जाणे. पायऱ्यांवरून अशी उतरली की लोक दोन्ही बाजूला फाटले. कोणाला धक्का नाही, ठेच नाही. मी चाचाच्या पंखांवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी तिचे पाय पायरीला लागत होते की नाही, मी पैजेवर सांगू शकणार नाही. खाली जाऊन तिने चाचाच्या छातीवर तोंड आपटलं. तो पडला. पडल्या पडल्याच तिच्या गळ्याला मिठी मारून बसला.

नंतर मी त्याला विचारलं, "मला आधी सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर तू खाली बघितलं असतंस. तिने तुझ्या नजरेने मला पकडलं असतं," म्हणाला. मग नाक पुसून म्हणाला, "पण कसम से दादूस, ती वरून ओरडली तेव्हा माझा जीव गेला. परत हे काम मला सांगू नको. दुसरी बायको केलीस तर तिला सांग, नवस पितळेचा कर."

चाचा आता आमच्या पडवीत नाही. गुडघे गेले, म्हणून मुलीने उरणला नेला. गेला पायीच, घोडीच्या बाजूने, मुलगी रिक्षात मागे रडत. ऐकतो, तिकडे तो सांगतो की माझी घोडी देवाच्या दारात मराठी बोलली. सांगू दे.

पण टेकडीवरची एक गोष्ट राहिली. लोक सगळे घोडीच्या मागे खाली धावले. वर देवाच्या दारात मी आणि भगत, दोघेच. घोडीने जे केलं ते मी बघितलं होतं. लांबच्याला हाक मारायची असते. मी मारली नव्हती. बायको गेल्यापासून एकदाही नाही. आमच्यात बायकोला नावाने हाक मारत नाहीत, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी दारात उभा राहिलो, एक्सप्रेसवेच्या पलीकडे तोंड केलं आणि तिचं नाव घेऊन हाक मारली. काय नाव ते इथे लिहीत नाही. सगळा दम लावून मारली.

भगताने कानावर हात ठेवले. मग काढले आणि म्हणाला, "दादा, घोडीच्या वर गेलास."